एस्टीमची नोंदवही: चौदा, बारा आणि आता चोवीस

१४ डिसेंबर, रविवार

मागच्या नोंदीत माझी गाडी, मारुती एस्टीम, सकाळी कुरकुरतेय असं लिहिलं होतं. आता सरळ संपच आहे. लातुरात पहाटेचा गारठा पडला की सेल्फ मार मार मारायचा, ॲक्सिलरेटर अर्धा दाबून धरायचा, तेव्हा कुठे फडफडत चालू होते आणि गिअर टाकला की पुन्हा बंद. दहा मिनिटं गेली की मात्र लेकुरवाळ्या बाईसारखी शांत.

म्हटलं, गाडीने नोंदवलेला दोषाचा आकडा, म्हणजे कोड, आज वाचूच. चावी ऑन केली आणि पहिला धक्का तिथेच. चेक इंजिनचा दिवा लागेचना. इंजिन बंद असताना चावी ऑन केली की हा दिवा लागलाच पाहिजे, त्यातून निदान बल्ब शाबूत आहे एवढं तरी कळतं. तीन वर्षं गाडी चालवतोय आणि हे कधी नजरेत आलं नाही, ही माझीच अक्कल. मीटर उघडला. बल्ब उडालेला नव्हता, जागेवर नव्हताच. गाडी विकण्याआधी कुणीतरी हात घालून काढून घेतलाय. दिवा नाही म्हणजे दुखणं नाही! जुनी गाडी बघायला जाणाऱ्यांनी बाकी काही बघा-न-बघा, चावी ऑन करून हा दिवा लागतो का ते आधी बघा.

बल्ब बसवला. दिवा लागला, आणि इंजिन चालू झाल्यावरही तसाच राहिला.

२१ डिसेंबर, रविवार

माझी गाडी २००० सालची, एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल घेणारी. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचा सॉकेट नाही. अमेरिकेत तो १९९६ च्या मॉडेलपासून सक्तीचा झाला. आपल्याकडे बीएस-४ या प्रदूषणाच्या नियमांसोबत एप्रिल २०१० ला ओबीडी-१ (गाडीने स्वतःचे दोष ओळखून नोंदवायची यंत्रणा) आलं आणि एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२. म्हणजे मोबाइलवर ॲप उघडून कोड बघायची चैन आपल्याला नाही. आपला स्कॅनर म्हणजे पेपर-क्लिपएवढी वायर आणि मोजायला एक माणूस.

पद्धत थोडक्यात: बॉनेटखाली मॉनिटर कपलर, म्हणजे वायरींचा एक जोड, असतो, माझ्या गाडीत बॅटरीच्या बाजूला, रबरी टोपीखाली. त्यातलं डायग्नोसिस स्विचचं टर्मिनल अर्थला जोडायचं आणि चावी ऑन करायची. मग दिवा उघडझाप करून आकडे सांगतो. शेजारीच टेस्ट स्विचचं टर्मिनल असतं, ते इग्निशन टायमिंग बघताना लागतं, त्याची गल्लत करू नका. कुठलं कोणतं हे वर्कशॉप मॅन्युअलच्या आकृतीवरूनच ठरवा, वायरच्या रंगावरून नव्हे. आणि वायर घुसवण्याआधी मल्टिमीटर लावून तिथे बॅटरीचा प्लस येत नाही ना, तेवढं बघा.

मी बॉनेटखाली, अण्णा स्टिअरिंगवर. त्यांना सांगितलं, दिवा किती वेळा लागतो ते मोजा.

"पाच झाले की रे."

पाच नावाचा कोडच नाही. म्हटलं, "मधी थांबला का, अण्णा?"

"थांबला की. एकदा लागला, थांबला, मग चारदा लागला. तू पाचच मोजाय लावला होतास ना?"

म्हणजे चौदा. हसण्यावारी नेऊ नका. बेरीज पाच होणारे कोड या यादीत चार आहेत: १४ म्हणजे कूलंट टेंपरेचर सेन्सर (इंजिनच्या पाण्याचं तापमान), २३ म्हणजे आत जाणाऱ्या हवेचं तापमान, ३२ मॅपचा, म्हणजे आत जाणाऱ्या हवेच्या दाबाचा, ४१ इग्निशन सिग्नलचा. सगळा जीव त्या मधल्या थांब्यात. नशिबाने प्रत्येक कोड तीनदा दाखवला जातो, त्यामुळे पहिल्यांदा हुकलं तरी चालतं. दुसऱ्या खेपेला अण्णांनी कॅलेंडरच्या मागे टिपून दिलं: एक रेघ, मोकळी जागा, चार रेघा.

आता सकाळच्या संपाचाही उलगडा झाला. हा सेन्सर म्हणजे थर्मिस्टर. गार असला की रोध जास्त, तापला की कमी. वायर तुटली की ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) अनंत रोध दिसतो, म्हणजे न मिळणारी थंडी. तो आकडा खोटा आहे हे ओळखून ईसीयू पाणी ८० अंशांवर आहे असं धरून चालतो. इंजिन गारठलेलं आणि पेट्रोल मिळतंय तापलेल्या इंजिनाच्या बेताचं, मग उठेल कसं?

खात्रीसाठी मावसभावाच्या २०१४ च्या गाडीत त्याच सेन्सरचा कपलर दोन मिनिटं काढून बघितला. ॲपवर लगेच उणे ४० अंश आणि पी ०११८, म्हणजे याच सर्किटचा कोड. तो म्हणाला, "दादा, माझ्या गाडीचे हाल करायलास तू." कपलर लावून कोड पुसून दिला, तरी तोंड फुगलेलंच.

२४ डिसेंबर

बार्शी रोडवरच्या एका दुकानात "चौदा आलाय" म्हणताच काउंटरवर नवा सेन्सर आला. घेतला नाही. चौदा हा कोड सेन्सर गेला असं म्हणत नाही, त्या सर्किटमध्ये कुठेतरी खंड पडलाय एवढंच म्हणतो. सर्किटमध्ये सेन्सर आहे, कपलर आहे आणि ईसीयूपर्यंत गेलेली वायर आहे.

सेन्सर काढून आईच्या चहाच्या पातेल्यात टाकला, सोबत थर्मामीटर. (पातेलं नवीन आणून दिलंय, विषय संपला.) २० अंशांना २.४ किलोओहम, ६० ला ०.५८, ८० ला ०.३२. ठणठणीत. मग चावी ऑन करून वायरिंगच्या बाजूच्या कपलरवर व्होल्ट बघितले. तिथे ईसीयूकडून आलेले पाच व्होल्ट मिळायला हवेत. मिळाला भोपळा.

वायरिंगची जाळी सोलत मागे गेलो. इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डच्या मागे, हात जेमतेम शिरतो तिथे, सुतळीच्या तुकड्यांचं घरटं. त्यात सोयाबीनच्या शेंगांची टरफलं, आणि वायर अशी कुरतडलेली की तांब्याचे दोन केस तेवढे उभे. दिवाळीनंतर सोयाबीनची पोती पडवीत रचली, त्यांच्याच शेजारी गाडी लावली होती. उंदराने पोत्यातून जेवायचं आणि गाडीत झोपायचं अशी सोय करून घेतली.

नुसती टेप मारली नाही. नवा तुकडा घालून सोल्डरिंगचा डाग दिला, वर हीट-श्रिंक स्लीव्ह चढवली. बॅटरीची निगेटिव्ह मिनिटभर काढून मेमरी पुसली. पुन्हा ती वायर (जम्पर) लावली: एक, थांबा, दोन. बारा म्हणजे सगळं ठीक. सकाळी एका सेल्फला चालू.

४ जानेवारी, रविवार

इथे ही नोंद संपायला हवी होती.

टाकी फुल करून पुन्हा फुल करायच्या हिशेबाने मायलेज काढलं: ११. उंदराने वायर खाल्ली होती त्या दिवसांत साडेबारा मिळत होतं. दुरुस्ती केली आणि मायलेज घटलं! प्लग काढले तर काजळी, म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय. जम्पर लावला तर बारा. अण्णांनी तीनदा मोजलं, तिन्ही वेळा बारा.

दोन दिवस डोकं खाजवलं. मग औशापर्यंत गाडी पळवली, पोहोचल्याबरोबर बंद केली, सेन्सरचा कपलर काढून रोध मोजला. ०.६ किलोओहमच्या आसपास. पातेल्यातल्या आकड्यांशी ताडून बघितलं: साठ अंशही पुरते नाहीत. हायवेवर वीस किलोमीटर पळूनही! मीटरवरचा काटा कायम सी-च्या (म्हणजे गार) जरा वर असतो आणि मी लोकांना अभिमानाने सांगायचो, आपली गाडी तापत नाही.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. त्याचं झाकण खोललं. आत थर्मोस्टॅटच नव्हता. नुसती पोकळी, आणि भिंतीवर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर, नखाने उकरावा लागेल असा. हेही आमच्याकडचं खास. उन्हाळ्यात गाडी तापली की मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकतो आणि गाडी तापायची थांबते. खरा दोष रेडिएटरमध्ये साठलेल्या क्षारांचा. पण ज्या शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे रेडिएटरमध्ये डिस्टिल्ड वॉटर घाला असं सांगायला गेलं की लोक तोंडाकडे बघतात.

म्हणजे गंमत अशी. वायर तुटलेली असताना ईसीयू ८० अंश गृहीत धरून बेताचं पेट्रोल देत होता. वायर जोडली, त्याला खरं तापमान दिसलं, आणि इंजिन गारच आहे म्हणून तो इमानेइतबारे जास्त पेट्रोल ओतायला लागला. साठ हा आकडा त्याच्या दृष्टीने बिनतक्रार आहे, कारण सेन्सरचा आकडा हद्दीत आहे की नाही एवढंच ही जुनी सिस्टीम बघते. इंजिनाने आतापर्यंत तापायला हवं होतं, हे तिला कळत नाही. ओबीडी-२ मध्ये याला स्वतंत्र कोड आहे, पी ०१२८. आपल्या यादीत तो नाही. आपल्याला बाराच दिसणार.

११ जानेवारी, रविवार

८२ अंशांचा थर्मोस्टॅट आणला, नव्या पातेल्यात नव्हे, जुन्या डब्यात उकळून उघडतो का ते बघितलं, मगच बसवला. त्याआधी रेडिएटर उतरवून बाहेर धुऊन घेतला. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट अर्धं-अर्धं. हवा काढायला तासभर गेला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

काटा आता मधोमध उभा राहतो. पहिले दोन दिवस त्याच्याकडेच बघत गाडी चालवली, तापतेय की काय या भीतीने.

१८ जानेवारी, रविवार

मायलेज १४ ला टेकलं. पोती पडवीतून हलवली, मांजर आणायचा प्रस्ताव घरात नामंजूर झाला.

आणि काल अंबाजोगाई रोडला दिवा पुन्हा लागला. अण्णा आता न सांगता वही घेऊन बसतात. दोन रेघा, जागा, चार रेघा. चोवीस, स्पीड सेन्सरचा. स्पीडचा सिग्नल माझ्या गाडीत मीटरच्याच पोटातून निघतो आणि मीटर डिसेंबरात मीच उघडला होता. बल्ब बसवताना मागचा एक कपलर नीट टचकन बसला नव्हता, हे मला तेव्हाही जाणवलं होतं. पुढच्या रविवारी पुन्हा खोलतो.