टबापासून तळ्यापर्यंत

तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते, हा आर्किमिडीजचा नियम आपण सगळ्यांनीच विज्ञानाच्या तासाला घोकला. परीक्षा झाली की बहुतेकांचा त्याच्याशी संबंध संपला. रेडिओवर चालणारी छोटी मॉडेल बोट बांधणाऱ्याचा मात्र तो पिच्छा सोडत नाही. स्मरणिकेसाठी मनोगत मागितलं गेलं, तेव्हा आठवणी सांगण्यापेक्षा आज शाळेत शिकणाऱ्या मुलांच्या हाती काही द्यावं असं वाटलं. बोट बांधणं नकाशा बघून जमतं. ती पाण्यावर नीट बसवणं हे वेगळं काम आहे. बोट बिघडली की मुलं आधी मोटरला आणि रेडिओला दोष देतात. माझं मत असं की बहुतेक वेळा वजन चुकीच्या जागी असतं.

पहिली चाचणी तळ्यात करू नका, मोठ्या टबात करा. बॅटरी, सर्व्हो (सुकाणू वळवणारी छोटी मोटर), रिसिव्हर (रेडिओचा संदेश घेणारा भाग), झाकण, डेकवरचं सामान असं सगळं जागेवर ठेवा आणि बोट पाण्यात सोडा. पाणरेषेपर्यंत, म्हणजे पाणी जिथवर यायला हवं त्या रेषेपर्यंत, ती बुडत नसेल, तर शिशाचे छर्रे छोट्या पिशव्यांत भरून तळाशी, जमेल तितके खाली ठेवा. किती लागतील याचा अंदाज आधी काढता येतो, कारण वजन प्रमाणाच्या घनात उतरतं. १:२५ प्रमाणात वजन १५,६२५ पटींनी कमी होतं. म्हणजे १०० टनांच्या टगचं (जहाजं ओढणाऱ्या बोटीचं) मॉडेल ६.४ किलोचं व्हायला हवं. पिशव्या वेल्क्रोने किंवा टेपने पक्क्या बसवा, पण चिकटवून टाकू नका. वजन अजून बरंच हलणार आहे. पुढे समुद्राच्या पाण्यात बोट किंचित वर तरंगली, तर गोंधळू नका. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं.

मग बोट हाताने एका बाजूला कलवून सोडा. चटकन सरळ झाली तर उत्तम. रेंगाळत, आळसावल्यासारखी परतली तर वरचा भाग जड आहे: शिसं खाली न्या, डेकवरचं सामान हलकं करा. तळाशी कोरडा टिशू पेपर ठेवून बोट १५ मिनिटं तशीच तरंगत ठेवा. ओल दिसली तर पहिला संशयित शाफ्टची, म्हणजे मोटरपासून प्रोपेलरपर्यंत जाणाऱ्या दांड्याची, नळी. ती ग्रीसने भरलेली हवी. आत साचलेलं थोडं पाणीही वाईट, कारण बोट ज्या बाजूला कलते त्याच बाजूला तेही धावतं.

टबातच प्रोपेलरची परीक्षा घ्या. बोट घट्ट धरून मोटर काही सेकंद पूर्ण वेगाने फिरवा आणि वॅटमीटरवर करंट बघा. धावत्या बोटीपेक्षा तो जास्तच दिसेल. तरीही ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक भाग) ३० अँपिअरचा असेल, तर आकडा २४ च्या आत राहिलेला बरा. ‘थोडा मोठा’ प्रोपेलर लावायचा मोह इथेच आवरा. फेरे तेवढेच राहिले तर लागणारी शक्ती व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. ४० मिलिमीटरचा काढून ४५ चा लावला, की मागणी जवळजवळ १.८ पट. लवचीक शाफ्ट असेल तर त्याला प्रोपेलरकडे २ ते ३ मिलिमीटर फट ठेवा. जोर आला की तो आखडतो, आणि फट नसेल तर जाम होतो.

रेडिओने बोट चालवून दाखवली संशोधक निकोला टेस्लाने, १८९८ साली न्यूयॉर्कला. आजचे सेट कितीतरी भरवशाचे आहेत, पण २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात फार खोल शिरत नाहीत. म्हणून अँटेनाचं शेवटचं सुमारे ३१ मिलिमीटरचं उघडं टोक पाणरेषेच्या वर, उभं आणि मोटरच्या तारांपासून दूर ठेवा. आधी हातातला ट्रान्समीटर चालू करायचा, मग बोट. बंद करताना उलट. एकदाच मुद्दाम हा क्रम मोडा: बोट हातात धरून, प्रोपेलरपासून बोटं लांब ठेवून, ट्रान्समीटर बंद करा. मोटर थांबली नाही तर फेलसेफ (संदेश तुटला की मोटर थांबवणारी सोय) लावलेला नाही, आणि बोट तळ्यावर न्यायची नाही.

तळ्यावर वारा आपल्याकडे येत असेल त्या काठावर उभं राहायचं. बोट बंद पडली तर वाहत आपल्याकडेच येते. अर्ध्या वेगाने सरळ सोडा आणि सुकाणूच्या काडीवरून अंगठा काढा. हळू असतानाही आणि वेगातही ती सारखीच एका बाजूला जात असेल, तर सुकाणू मध्यावर नाही. सर्व्हो आणि सुकाणू जोडणाऱ्या दुव्याची लांबी बदला. ट्रिम, म्हणजे ट्रान्समीटरवरची बारीक जुळणी, बारीक फरकासाठी राखून ठेवा. वेगाबरोबर ओढ वाढत असेल तर कारण प्रोपेलरच्या पिळाचं. मागून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरणारा प्रोपेलर बोटीची डावी बाजू दाबतो. अशा वेळी बॅटरी ५ मिलिमीटर उजवीकडे सरकवा. सुकाणू दोन्हीकडे ३५ अंशांपर्यंत पुरे. त्यापुढे ते वळवण्याऐवजी ब्रेक लावतं.

वेगवान, पाण्यावरून घसरत जाणाऱ्या बोटीचा तोल मागच्या कडेपासून लांबीच्या सुमारे ३० टक्क्यांवर असावा. नाक वरखाली उड्या मारत असेल तर वजन मागे आहे: बॅटरी पुढे घ्या, एका वेळी ५ मिलिमीटरच. नाक पाण्यात घुसून बोट सुस्त झाली तर मागे घ्या. स्ट्रटचा (शाफ्टला मागे धरणाऱ्या आधाराचा) कोन त्यानंतर, आणि तोही एका अंशाच्या आत. एका फेरीत एकच बदल करा आणि तो वहीत लिहा. दोन केले तर कशाचा गुण आला ते कळत नाही.

पहिली फेरी ३ मिनिटांची. पाण्याने थंड होणारी मोटर असेल तर बाहेर पडणारी धार दिसते का, ते लगेच पाहा. बोट बाहेर काढून मोटरवर हाताचं बोट टेकवा. तीन सेकंद ठेववत नसेल तर प्रोपेलर लहान करा, किंवा गवत गुंतलंय का बघा. मग बॅटरी चार्ज करा. २२०० एमएएचच्या (मिलिअँपिअर-तासांच्या) बॅटरीत ६६० परत गेले, तर खर्च मिनिटाला २२०. ८० टक्के म्हणजे १७६० वापरायचे, म्हणून टायमर ८ मिनिटांवर.

बंद पडलेल्या बोटीसाठी पाण्यात उतरू नका. मासेमारीच्या दोरीला टेनिसचा चेंडू बांधून तो बोटीच्या पलीकडे फेका आणि दोरी हळूहळू ओढा. घरी आल्यावर झाकण उघडं ठेवून बोट रात्रभर वाळू द्या, आणि लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी प्रत्येक सेलला ३.८ व्होल्टवर आणून ठेवा.