बिब्बा, डीपीपीएच आणि अर्धवट प्रोजेक्ट

फार्मसी नाहीतर केमिस्ट्री केलेल्या बऱ्याच जणांनी एकदा तरी डीपीपीएच टेस्ट केलेली असते. डीपीपीएच नावाच्या रसायनाचं जांभळं सोल्युशन घ्यायचं, त्यात कुठल्यातरी पानाचा नाहीतर सालीचा अर्क टाकायचा, अर्धा तास अंधारात ठेवायचं, रंग पिवळ्याकडे गेला की अर्क अँटीऑक्सिडंट, व्हिटॅमिन सीशी तुलना करून एक आकडा काढला की प्रोजेक्ट संपला. टेस्ट वाईट नाहीये, स्वस्त आहे, कॉलेजच्या लॅबमध्ये होते, पण ती एवढंच सांगते की हा रेणू हायड्रोजन पटकन देऊन टाकतो. पोटात गेल्यावर, लिव्हरमध्ये गेल्यावर तो काय करणार हे त्यातून कळत नाही आणि बहुतेक जण तिथेच थांबतात याचा मला खरंच त्रास होतो.

आपला बिब्बाच घ्या ना. टरफलातल्या त्या काळ्या तेलात भिलवानॉल नावाची फिनॉलिक संयुगं असतात, कॅटेचॉलचं कडं (दोन शेजारी ओएच गट असलेलं कार्बनचं वलय) आणि त्याला 15 कार्बनची लांब शेपटी. कॅटेचॉल हायड्रोजन द्यायला एकदम तयार, म्हणजे नळीत हा रेणू हिरोच ठरणार. पण हायड्रोजन देऊन झाला की उरतो क्विनोन, म्हणजे दुसऱ्या रेणूंना पटकन चिकटणारा प्रकार, आणि शेपटीमुळे तेल कातडीत शिरलेलं असतंच, तिथे तो प्रोटीनला चिकटतो, मग शरीराची इम्यून सिस्टिम त्याच जागेवर तुटून पडते, फोड येतात, पाणी सुटतं, बिब्बा उततो. म्हणजे ज्या रचनेमुळे तो अँटीऑक्सिडंट, त्याच रचनेमुळे विषारी! वैद्य लोक विटेच्या भुकटीत घासून त्याचं तेल काढल्याशिवाय औषधात वापरत नाहीत ते उगीच नाही. हिवाळ्यात लाडवात घालतो ती गोडंबी गुणाची, पण ती काढायला बिबे फोडणाऱ्या विदर्भातल्या बायकांचे हात बघा एकदा.

बिब्बा टोकाचं उदाहरण झालं असं कोणी म्हणेल, तर ग्रीन टी बघा. चहा म्हणून प्यायला तर साधारण ठीकच, पण त्यातलं ईजीसीजी हे अँटीऑक्सिडंट काढून कॅप्सूलमध्ये भरलं की गणित बदलतं, 2018 मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने सांगितलं की सप्लिमेंटमधून दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं तर रक्तात लिव्हरची एन्झाइम्स वाढलेली दिसतात, म्हणजे लिव्हरला इजा होत असल्याची खूण.

हळदीचंही तेच. भाजीतल्या हळदीत करक्युमिन, म्हणजे तिचा पिवळा घटक, जेमतेम तीन टक्के आणि ते रक्तात फारसं जातही नाही. 1998 ला बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की मिरीतलं पायपरिन सोबत दिलं तर माणसात ते वीस पटीने जास्त शोषलं जातं, आणि आता मिरी घातलेल्या कॅप्सूल सगळीकडे मिळतात. शोषण वाढवलं म्हणजे डोसच वाढवला ना, पण जाहिरातीत हे कोण सांगतंय. इटलीत 2019 मध्ये हळदीच्या सप्लिमेंटनंतर हिपॅटायटिसच्या केसेस आल्या आणि लिव्हर किंवा पित्ताचा त्रास असणाऱ्यांनी घेऊ नये अशी सूचना तिथे लेबलवर आली.

म्हणून प्रोजेक्ट करणाऱ्यांना एकच विनंती, त्याच अर्काची लिव्हरच्या पेशींवर एमटीटी टेस्ट, म्हणजे किती पेशी जिवंत राहिल्या ते बघायची टेस्ट, पण करा, आणि किती डोसला फायदा दिसतो, किती डोसला पेशी मरायला लागतात हे दोन्ही आकडे एकाच टेबलमध्ये शेजारी शेजारी लिहा. कॉलेजमध्ये सेल कल्चर, म्हणजे लॅबमध्ये पेशी वाढवायची सोय, नसेल तर जिथे आहे तिथे सॅम्पल पाठवता येतं का ते गाईडना विचारा, आणि तेही नाही जमलं तर निष्कर्षात 'सुरक्षित' हा शब्द तरी लिहू नका.