क्यू सतरा

शनिवार, रात्रीचे पावणेदोन

आज मंटोचा, म्हणजे उर्दू कथाकार सआदत हसन मंटोवरच्या आमच्या एकपात्रीचा, प्रयोग झाला. घरी येऊन आंघोळ केली, तरी झोप नाही. म्हणून वही काढली.

एकपात्री म्हटलं की लोकांना वाटतं, स्टेजवर एकच माणूस, सुटसुटीत काम. लाइट चालवणाऱ्याला विचारा! चारजणांच्या नाटकात एक अडखळला तर दुसरा काहीतरी बोलून सांभाळून घेतो. आमच्या दादांना सांभाळणार कोण? मी आणि माझे आठ डिमर.

बाटलीत कोरा चहा असतो. वहिनी तो तासभर आधी करून गार करत ठेवतात. साखर अजिबात नाही, नाहीतर ग्लासला मुंग्या. दादा झोकांडी देत ग्लास भरतात तेव्हा हमखास हशा येतो आणि मला तो दर वेळी टोचतो. १८ जानेवारी १९५५ला लाहोरात मंटो गेला तेव्हा तो ४२ वर्षांचा होता. लिव्हर संपलेलं, पाठीमागे बायको आणि तीन मुली. दारू सुटावी म्हणून त्याला वेड्यांच्या इस्पितळातही ठेवून झालं होतं. ‘टोबा टेक सिंग’ या त्याच्या कथेतल्या वेड्यांकडे तो बाहेरून बघत नव्हता, एवढं तरी आमच्या नाटकात यायला हवं होतं. ते नाही आलं. अश्लीलतेचे खटले मात्र झोकात आलेत. तीन इंग्रजांच्या काळात, तीन पाकिस्तानात, आणि दर खटल्याला टाळी.

संहितेचं दुखणं हेच (मला कोणी विचारलेलं नाही, पण ही माझी वही आहे). पिणारा माणूस दाखवणं सोपं, लिहिणारा दाखवणं महाकठीण. स्टेजवर लिहिणं म्हणजे पेन हलवायचं आणि कपाळाला हात लावायचा. वास्तविक मंटोने स्वतःच सांगून ठेवलंय. तो सोफ्यावर बसतो, मुली दंगा करत असतात, तो त्यांच्याशी बोलतो, त्यांची भांडणं सोडवतो, मध्येच सॅलड करतो, आणि कथाही लिहीत असतो. म्हणजे घर चालूच.

तर आज श्यामचा प्रवेश. श्याम म्हणजे सिनेमातला नट, मंटोचा जिवलग. फाळणीचे दिवस. रावळपिंडीहून जीव वाचवून आलेल्या एका शीख कुटुंबाची हकिगत दोघं ऐकतात. बाहेर पडल्यावर मंटो विचारतो, मी मुसलमान आहे, मला मारावंसं नाही वाटत तुला? श्याम म्हणतो, आत्ता नाही. पण ते ऐकत होतो तेव्हा कदाचित मारलं असतं. यानंतर दादांची तीन वाक्यं, मग क्यू सतरा, म्हणजे सतरावा लाइट-बदल: पिवळा उतरतो, निळा चढतो, जानेवारी १९४८, मंटो मुंबई सोडतो.

दादांनी श्यामचं वाक्य घेतलं आणि पुढे काहीच नाही. पाच सेकंद. आठ. हा पॉज नव्हता, मला त्यांचे डोळे माहीत आहेत. सतरावर बोट होतंच. दाबलं असतं तर दादा सुटले असते, थेट लाहोर. पण मग भायखळ्याचं राहतं घर, मालाडच्या बॉम्बे टॉकीज स्टुडिओतलं काम, सगळं सोडून हा माणूस का गेला, ते तीन वाक्यांसकट बुडालं असतं. नाही दाबलं.

दादा सोफ्यावर बसले. पाय वर घेतले, कागद ओढला आणि लिहायला लागले. अगदी वाकून, चष्मा नाकावर घसरलेला. निबेची खरखर वर टांगलेल्या माइकने पकडली. मागे कोणीतरी मघापासून खोकत होतं, तेही थांबलं. मिनिटभर तरी गेलं असेल. मग मान वर करून तिन्ही वाक्यं चोख घेतली. सतराला माझाच हात उशिरा हलला.

स्टेजवरची प्रॉपर्टी आवरताना तो कागद बघितला. वर ७८६, म्हणजे आकड्यांतलं बिस्मिल्लाह. मंटो प्रत्येक कथेच्या माथ्यावर ते लिहायचा, म्हणून दादाही लिहितात. खाली तीनदा, ‘श्याम – मारलं असतं – मग?’ आणि त्याखाली, त्याच अक्षरात, ‘सिलिंडरचा नंबर लावणे’.

वहिनींना दाखवला. आधी हसल्या. मग घडी करून पर्समध्ये टाकत म्हणाल्या, “लावलाय का ते विचारते.”

येताना टेम्पोत दादा म्हणाले, “काय रे, पुढच्या प्रयोगात तो लिहिण्याचा तुकडा कायम ठेवूया का? मस्त जमला होता.”

“बघू,” म्हटलं.

घरी आल्या आल्या क्यू शीटवर सतराच्या वर पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘लेखन, १ मि.’ आत्ता ते खोडून टाकलंय.