जुन्या सर्व्हरचा उरलेला पत्ता

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका मराठी संस्थेची वेबसाइट नव्या सर्व्हरवर हलवली होती. गणेशोत्सवातल्या स्पर्धांची नावनोंदणी त्याच दिवशी सुरू व्हायची होती आणि साइटला एसएसएल सर्टिफिकेट, म्हणजे भरलेली माहिती सुरक्षित नेण्यासाठी लागणारा दाखला, काही मिळेना. लहान मुलांची नावं आणि पालकांचे नंबर असुरक्षित पानावर भरून घेणं मला मान्य नव्हतं, म्हणून आधी नोंदणी थांबवायला लावली.

मी पोहोचेपर्यंत कार्यकर्त्यांनी पुन्हा पुन्हा अर्ज करून लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची मर्यादा गाठली होती. तासाभरात साइटच्या एकाच नावाची पडताळणी पाच वेळा फसली की पुढचे अर्ज काही काळ अडतात. मग सर्टिफिकेट मागवणारं सर्टबॉट ड्राय रनवर, म्हणजे नुसत्या चाचणीसाठी, चालवलं. ती चाचणी वेगळ्या स्टेजिंग सर्व्हरवर होते, खऱ्या मर्यादेत धरली जात नाही.

साइट खरंच आपल्या ताब्यात आहे का, याच्या पडताळणीची रीत साधी आहे. लेट्स एन्क्रिप्टवाले एक टोकन, म्हणजे खुणेचा मजकूर, देतात, आपण तो साइटवर ठरलेल्या जागी ठेवायचा, मग ते बाहेरून ८० नंबरच्या पोर्टवर, म्हणजे साध्या वेबच्या दारावर, येऊन वाचतात. आमचं टोकन जागेवर होतं, कार्यालयाच्या वाय-फायवर उघडतही होतं. त्यांना मात्र ४०४, म्हणजे पान सापडलं नाही.

"माझ्या मोबाईलवर तर मागच्या वर्षीचंच पत्रक दिसतंय हो," सचिवकाका म्हणाले. कॅशे, म्हणजे फोनने साठवलेली जुनी प्रत, असेल, म्हणून बाकीच्यांनी सोडून दिलं. मला ते सोडवेना. "काका, जरा वाय-फाय लावून बघा," म्हटलं. नवं पान आलं. मोबाईल डेटावर पुन्हा जुनं. फोन तोच!

आता एररची ओळ नीट वाचली. तिच्यात आयपी पत्ता दिलेला होता आणि तो ठिपक्यांचा नव्हता, कोलनचा होता. म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, आयपीव्ही६; ठिपक्यांची जुनी ती आयपीव्ही४. डोमेनच्या नोंदी दाखवणारं डिग चालवून पाहिलं: आयपीव्ही४ पत्त्याचा ए रेकॉर्ड नव्या सर्व्हरचा, आयपीव्ही६ पत्त्याचा एएएए रेकॉर्ड अजून जुन्याचाच. साइट हलवणाऱ्याने एक बदलला आणि दुसरा तसाच ठेवला. कार्यालयाच्या लाइनवर आयपीव्ही६ नव्हतं, त्यामुळे तिथे सगळं ठीक दिसायचं. लेट्स एन्क्रिप्ट मात्र दोन्ही पत्ते असले की आधी आयपीव्ही६कडे जातं. तिकडे जोडणीच झाली नाही तर आयपीव्ही४ वापरून बघतं. पण जुना सर्व्हर चालू होता आणि टोकन नाही असं स्पष्ट सांगत होता. त्यांचा नकार मला योग्यच वाटतो. डोमेनचा एक पत्ता परक्या मशीनवर जात असेल, तर ताबा सिद्ध झाला असं कसं म्हणायचं?

रेकॉर्ड काढायला मिनिटही लागलं नसतं, पण डीएनएसचं, म्हणजे डोमेनच्या या नोंदी जिथे ठेवतात तिथलं, लॉगिन सुरतेला गेलेल्या एका माजी पदाधिकाऱ्यांच्या खाजगी ईमेलवर होतं. त्यांचा फोन लागून ओटीपी मिळेपर्यंत दुपार गेली. संस्थांच्या साइटवर काम करताना हे फार वेळा बघतो आणि दरवेळी जीव तुटतो. वर्षानुवर्षं जपलेलं नाव, आणि त्याची किल्ली एका माणसाच्या इनबॉक्समध्ये.

एएएए काढल्यावर पडताळणी पुढे सरकली आणि सीएए रेकॉर्डवर अडली. सर्टिफिकेट कोणी द्यायचं हे त्यात लिहिलेलं असतं. २०१७च्या सप्टेंबरपासून देणाऱ्यांना ते तपासावंच लागतं. तिथे फक्त जुन्या कंपनीचं नाव होतं. लेट्स एन्क्रिप्टचं घातलं आणि संध्याकाळी सर्टिफिकेट हाती आलं.

काकांच्या मोबाईलवर जुनं पत्रक अजून दिसत होतं, कारण काढलेल्या रेकॉर्डचा टीटीएल, म्हणजे तो इतरत्र साठवून ठेवायचा काळ, ८६४०० सेकंद, म्हणजे पूर्ण दिवसाचा होता. नोंदणी दुसऱ्या संध्याकाळी उघडायचं ठरलं. त्याआधी डीएनएसचं खातं संस्थेच्या ईमेलवर करून घेतलं.