ज्या पृष्ठभागाला शरीर कधी शिवतच नाही

माझी पीएचडी अतिनिर्वातातल्या, म्हणजे हवा जवळजवळ पूर्ण काढून टाकलेल्या चेंबरमधल्या, धातूच्या स्फटिकांवर झाली. 10⁻⁶ टॉर (हवेच्या दाबाचा साधारण अब्जावा भाग) इतक्या कमी दाबालासुद्धा, येणारा प्रत्येक रेणू चिकटत गेला तर साधारण एका सेकंदात पृष्ठभागावर रेणूंचा अख्खा थर बसतो. म्हणून दाब आणखी दहा हजार पटींनी उतरवायचा. मग कुठे मोजमापाला दोन-तीन तास मिळतात. गळत्या शोधणं आणि चेंबर बेक करणं (भिंतींना चिकटलेले वायू निघावेत म्हणून ते तापवणं) यातच उमेदीची वर्षं निघून जातात, हे प्रवेश घेताना कुणी सांगत नाही.

मला तिथून बाहेर काढलं टायटॅनियमनं. स्वीडिश संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी 1950 च्या दशकात सशाच्या हाडात टायटॅनियमची नळी बसवली होती. प्रयोग संपल्यावर ती काढायला गेले, तर हाडानं तिला सोडलंच नाही. 1965 मध्ये याच धातूचे स्क्रू माणसाच्या जबड्यात बसले. पण हाड नेमकं कशाला चिकटतं? धातूला नाहीच. वर धातूचा ऑक्सिजनशी संयोग होऊन बनलेला, जेमतेम काही नॅनोमीटरचा ऑक्साइडचा थर असतो, आणि रक्त लागताच क्षणार्धात त्याच्यावर प्रथिनं येऊन बसतात. पेशी पोहोचतात त्या नंतर. त्यांच्या वाट्याला येतो तो हा प्रथिनांचा थर. मी जिवापाड स्वच्छ केलेला पृष्ठभाग त्यांना दिसतच नाही!

तो थरही एका जागी टिकत नाही. आधी रक्तातल्या अल्ब्युमिनसारखी संख्येनं जास्त आणि चपळ प्रथिनं जागा धरतात. मागून येणारी, जास्त घट्ट बसणारी प्रथिनं त्यांना हुसकावतात. हे रक्ताचे अभ्यासक लिओ व्रोमान यांनी दाखवलं. ते डच भाषेतले नामवंत कवीही होते. मला उगाच वाटतं, एवढं धीरानं बघत बसणं कवीलाच जमत असावं.

शरीरात बसवलेल्या वस्तूंच्या पृष्ठभागांचा अभ्यास, या आमच्या विषयाला धड घर नाही. भौतिकीवाले मला जीवशास्त्रात ढकलतात, जीवशास्त्रवाले परत पाठवतात, आणि अनुदानाच्या अर्जात ‘मुख्य विषय’ची चौकट एकच असते.

निर्वाताची खोड मात्र सुटलेली नाही. नुकत्याच साफ केलेल्या टायटॅनियमवर पाण्याचा थेंब सपाट पसरतो. तोच नमुना हवेत पडून राहिला की हवेतले हायड्रोकार्बन (कार्बन-हायड्रोजनची तेलकट संयुगं) चिकटतात, थेंब फुगीर होतो आणि पेशींचं वागणंही बदलू शकतं. म्हणून माझ्याकडे विद्यार्थ्यांनी प्रत्येक नमुन्यापुढे साफ केल्याची वेळ लिहायची असते. परीक्षणाला आलेल्या शोधनिबंधात ती नसली, तर माझा पहिला प्रश्न ठरलेला.