आजीची फणसाची सुरी: जात्याच्या खुंट्याची मूठ बसली

जांबोटीच्या घरात माळ्यावर सापडलेली आजीची सुरी अखेर मुठीत बसली. पातं १५ सेंटिमीटर लांब, ३० मिलिमीटर रुंद, पाठीला ४ मिलिमीटर जाड. आजी हिने फणस फोडायची, केळीचे घड उतरवायची. आमच्या भागातला पाऊस तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे गंज किती चढला असेल ते सांगायला नको. जुनी मूठ भुंग्यांनी इतकी पोखरली होती की हातात घेताच तिचा भुगा झाला. आत टँगभोवती, म्हणजे पात्याच्या मुठीत शिरणाऱ्या शेपटीभोवती, काळी कडक लाख आणि तिच्यात विटेची लाल पूड दिसली. ती मी जपून खरवडून घेतली, नंतर उपयोगी पडली.

पहिल्यांदा हातात कानस घेतली, गंज काढायच्याही आधी. धारेजवळ जरा जागा उघडी केली आणि कानस फिरवली, तर काचेवरून घसरावी तशी सरकली, बारीक किर्र आवाज करत. पाठीवर फिरवली तर दात लगेच रुतले. म्हणजे घडवणाऱ्या लोहाराने पाणी (तापवून एकदम गार केल्यावर पोलादाला येणारा कडकपणा) फक्त धारेला दिलं होतं, पाठ मऊ ठेवली होती, म्हणजे फणसात अडकली आणि पिळली तरी मोडायला नको. तिथेच पुढचं सगळं काम ठरलं. काहीही झालं तरी हे पाणी उतरू द्यायचं नाही.

यामागे एक दुखणं आहे. आधी एक कोयता केला होता, तो बेळगावच्या उद्यमबागेत ओळखीच्या वर्कशॉपात ग्राइंडरला लावला. बघता बघता टोक निळं पडलं. पोलाद तापताना गवतासारखा पिवळा रंग २२० अंश सेल्सिअसच्या आसपास येतो, निळा ३०० च्या आसपास. निळं दिसलं की त्या जागेचं पाणी गेलं म्हणून समजा. तो कोयता आजही टोकाला बोथट होतो. म्हणून या सुरीला मशीन लावलंच नाही.

रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेवली, सकाळी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळून लगेच पुसली. मग सपाट लाकडाला पॉलिश पेपर गुंडाळून घासली, २२० नंबरच्या जाड कागदापासून ८०० नंबरच्या बारीक कागदापर्यंत. तीन संध्याकाळी गेल्या. खोल खड्डे तसेच ठेवलेत. ते घालवायचे तर पातं अर्धं घासावं लागलं असतं.

आता हिरडा. सुऱ्या करणाऱ्या तुमच्यापैकी बरेच जण पात्याला काळा रंग यावा म्हणून कॉफी नाहीतर फेरिक क्लोराइड वापरतात. आपल्या जंगलात हिरडा असताना मला त्याची गरज वाटत नाही. हिरड्यात टॅनिन भरपूर, आणि टॅनिन लोखंडाला लागलं की निळसर काळं होतं. जुनी शाई याच गुणावर व्हायची. दहा हिरडे ठेचून लिटरभर पाण्यात अर्धा तास उकळले आणि कोमट होऊ दिले. पातं भांडी घासायच्या साबणाने धुऊन त्यात बुडवलं. आधी राखाडी झालं, मग जांभळट, वीस मिनिटांनी पिकल्या जांभळासारखं. एका ठिकाणी मात्र अंगठ्याच्या ठशाएवढा फिका डाग राहिला, अगदी रेषांसकट. साबणाने धुतल्यावर मी तिथं धरलं होतं, हाताचं तेल लागलं. सगळं घासून पुन्हा बुडवलं, या वेळी फक्त टँगला धरून. असे तीन हात दिले. या थराने गंज थांबत नाही, पण सावकाश चढतो.

मुठीसाठी सांबराचं शिंग घे असं दोघांनी सुचवलं. ते मी घेणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते बसत नाही, आणि कायदा नसता तरी घेतलं नसतं. कोपऱ्यातल्या जात्याचा खैराचा खुंटा डोळ्यांसमोर होता. आईला विचारलं. ती म्हणाली, "घे की. जातं काय आता फिरणार न्हाई. पर आत्याबाईंच्या हातानं झिजलंय तेवढं घासू नको बघ." आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई, माझी आजी. खुंट्याची मधली कंबर खरोखरच झिजून बारीक झाली आहे, आणि मूठ आवळली की करंगळी नेमकी तिथंच बसते. तेवढी जागा सोडून बाकीचंच कानशीने अंडाकृती केलं. भेगा जाऊ नयेत म्हणून पुढच्या तोंडाला पितळी पाइपची १२ मिलिमीटरची कडी ठोकली.

भोक ६ मिलिमीटरच्या बिटाने शेजारी शेजारी दोन, मग मधली भिंत गोल कानशीने काढली. ॲराल्डाइट हा तयार गोंद घरात होता, तरी लाखच वापरली. खानापूरच्या लोहारमामांनी जुनी लाख बोटांत चुरून बघितली आणि म्हणाले, "नुसती लाख घालशील तर उन्हात सुटतंय ते. विटकर घाल की चांगली." पूड चाळून मिसळली. पात्याला ओलं फडकं गुंडाळलं, टँग लाल न होऊ देता तापवला आणि लाख भरलेल्या भोकात दाबला. कडेने लाख मधासारखी वर आली, थंड झाल्यावर कापून काढली. उद्या मूठ बदलायची झाली तर गरम केली की सुटेल. म्हणूनच ही सुरी उकळत्या पाण्यात टाकायची नाही, बंद गाडीत उन्हात ठेवायची नाही.

वरून जवसाचं तेल, दोन दोन दिवसांच्या अंतराने चार हात. तेलाची फडकी चुरगळून टाकू नका, पसरून वाळवा. चुरगळलेली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात.

धार लावताना पाठ दगडापासून १० मिलिमीटर उचलली. ३० मिलिमीटर रुंदीला त्याने जवळजवळ २० अंशांचा कोन मिळतो, मोजपट्टी पुरते.

काल आईने खोबरेल लावून फणस फोडला. दांड्याशी सुरी अडकली, तिने सवयीने पिळली, आणि ती सुटून आली. मूठ हलली नाही, धारही तशीच आहे. म्यान राहिलं आहे. चामडं ओल धरतं आणि आतल्या आत गंजवतं, म्हणून लाकडाच्या दोन फळ्या कोरून करायचा विचार आहे, पाऊस उघडल्यावर.