रखवालदारांच्या रकान्यात सापडलेल्या परिचारिका

एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधाला विषय निवडला, ‘मुंबई इलाख्यातील मनोरुग्णालये आणि परिचर्या’. मनोरुग्ण विभागात काही वर्षं काम केलेलं. आपल्याकडे रागाच्या भरात माणूस सहज म्हणून जातो, ‘ह्याला ठाण्याला नाहीतर येरवड्याला पाठवा.’ तिथे पाठवलेल्या माणसाला ब्रिटिश काळात रात्री कोण सांभाळत होतं, हे मला जाणून घ्यायचं होतं.

सुरुवात कायद्यांपासून केली, कारण ते सहज मिळतात. वेड्यांच्या इस्पितळांबाबतचा १८५८ चा कायदा आणि त्याची जागा घेणारा १९१२ चा. दुसऱ्यात रुग्णालयावर देखरेखीसाठी किमान ३ अभ्यागत, म्हणजे पाहणी करणारे सदस्य, नेमायचे, त्यांतला निदान एक वैद्यकीय अधिकारी हवा, दोघांनी मिळून दर महिन्याला पाहणी करायची, सगळं नेमकं सांगितलंय. प्रशिक्षित परिचारिका मात्र मला त्यात कुठेच भेटली नाही. आठवडाभर मी खचले होते. मार्गदर्शक बाईंनी तर विषयच बदलायला सुचवलं.

मग मुंबईला अभिलेखागारात, जुनी सरकारी कागदपत्रं ठेवतात तिथे, जायचं ठरवलं. एल्फिन्स्टन कॉलेजच्या त्या जुन्या इमारतीत. कॉलेजचं शिफारसपत्र, ओळखपत्र, अर्ज. पत्रात संशोधनाचा कालावधी लिहायचा राहिला होता, म्हणून ते पुन्हा करून आणावं लागलं. तेवढ्या दिवसांत एक मोठी सोय कळली. ब्रिटिश भारतातले वैद्यकीय अहवाल स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने स्कॅन करून इंटरनेटवर खुले ठेवलेत आणि त्यांत वेड्यांच्या इस्पितळांचे वार्षिक अहवालही आहेत. कुलाबा, पुणे, रत्नागिरी, धारवाड, अहमदाबाद, सिंधमधलं हैदराबाद. या विषयावर काम करणाऱ्यांनी प्रवासखर्च करण्याआधी तिथे जरूर पाहावं.

खरी अडचण शब्दाची होती. मी ‘नर्स’ शोधत होते. अहवालात असायचे ‘कीपर’ म्हणजे रखवालदार, ‘अटेंडंट’, ‘वॉर्डर’, क्वचित ‘मेट्रन’. तेही रुग्णसेवेच्या मजकुरात नाही, तर आस्थापना खर्चाच्या तक्त्यात. नाव नाही, फक्त हुद्दा, संख्या आणि पगार. हे एकदा लक्षात आल्यावर मी अहवाल मागून पुढे वाचायला लागले. आधी खर्चाचा तक्ता, मग मृत्यू, मग पळून गेलेल्यांचा आकडा, शेवटी अधीक्षकांचं निवेदन. एका रखवालदाराच्या वाट्याला किती रुग्ण येत होते याचा भागाकार मी वहीत करत बसायचे. वॉर्डात रात्रपाळीला आम्ही दोघीच असलो की काय होतं ते मला ठाऊक आहे. एक जण बिथरला की बाकीच्यांकडे पाठ होते. त्यामुळे ‘पळून गेला’ हा रकाना मला निव्वळ रखवालदाराचा हलगर्जीपणा म्हणून वाचता आला नाही.

इंग्लंडमध्ये अशा सेवकांसाठी १८८५ मध्येच हस्तपुस्तिका निघाली होती, पुढे परीक्षा आणि प्रमाणपत्रही आलं. इथे सुधारणा आली ती आधी इमारतीला आणि पाटीला. १९२० च्या दशकात ‘असायलम’ची ‘मेंटल हॉस्पिटल’ झाली. रांचीला १९१८ साली वेगळं ‘युरोपियन ल्युनॅटिक असायलम’ उघडलं. मनोविकारतज्ज्ञ बर्कले-हिल तिथे अधीक्षक असताना व्यवसायोपचार, म्हणजे कामात गुंतवून उपचार, हेही सुरू झालं, पण तो दरवाजा कोणासाठी होता हे नावातच आहे. देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीसाठी डॉ. मूर टेलर यांनी १९ मनोरुग्णालयांची पाहणी केली. त्यांत मिळून १०,१८१ खाटा होत्या, आणि कर्मचारी लाजिरवाणे अपुरे आहेत असं त्यांनी स्वच्छ नोंदवलं. हे १९४६ च्या अहवालात छापलंय, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर. सुधारणेच्या एवढ्या कागदपत्रांनंतरही रुग्णाला प्रत्यक्ष सांभाळणारा माणूस तोच होता, बिनशिकवलेला आणि एकटा. याचा मला अजूनही राग येतो.

प्रबंधात मग एक आख्खं प्रकरण रखवालदारांवर लिहिलं. तोंडी परीक्षेत विचारलं, ‘यांना परिचारक कसं म्हणता?’ मी म्हटलं, रुग्णाला भरवणं, धुणं, रात्री जागणं हे जो करतो त्याला मी दुसरं काय म्हणू? प्रश्न तिथेच थांबला.

अर्पणपत्रिकेसाठी मी त्यांची नावं शोधली होती. वाचलेल्या तक्त्यांत एकही नव्हतं. शेवटी लिहिलं, ‘कुलाबा, धारवाड आणि रत्नागिरीच्या रात्रपाळीला.’